आगाऊ पावलं

१९९६ सालचा हिवाळा, फेब्रुवारीची तीन तारीख, शनिवार. पारा शून्याखाली एकतीसवर होता आणि दुपारी दोनलाही तिथून हलला नाही. आमच्या लिसडालला त्या दिवशी स्कीची मोठी शर्यत व्हायची होती. ती रद्द झाली.

सकाळी मी गावात गेलो तो कॉफी आणि रॉकेल आणायला. दुसरं काम नव्हतं. चर्चच्या तळघरात बायका चारशे माणसांच्या जेवणाकडे बघत बसल्या होत्या. खिम्याचे गोळे, उकडलेले बटाटे, पातेलीच्या पातेली. शर्यतीला आलेले शहरी लोक आदल्या दिवशीच गाड्या काढून परत गेले होते. दुकानदार सिगुर्डने विचारलं की तुमच्याकडची पाहुणी पण पळाली का. मी म्हटलं, आहे. तर म्हणाला, मग तिला सांग, चारशे ताटं तुझ्या नावाने वाढून ठेवलीत. मला घाई होती. असल्या थंडीत गाडीचं इंजिन बंद केलं तर ते परत सुरू होत नाही, म्हणून ते चालू ठेवूनच मी आत आलो होतो.

ही पाहुणी म्हणजे रेनाटा कोवाल. मिलवॉकीच्या एका शाळेत शिकवायची. चाळिशीची बाई, एकटी, काटक. सलग तिसऱ्या हिवाळ्यात ती आमच्या माडीवरच्या खोलीत उतरली होती. डोंगरमाथ्यावर आमचं घर शेवटचं. स्कीची वाट आमच्या गोठ्याच्या भिंतीला लागून जाते आणि खाली ओढ्याकडे उतरते. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी धाकटी बहीण बोरघिल्ड. लग्न दोघांचंही झालं नाही.

बोरघिल्डचा रेनाटावर जीव होता, म्हणून ती तिला सारखी बोलायची. त्या दिवशीही न्याहारीला लेफ्सा होता. बटाट्याची पातळ पोळी ती, लोणी आणि चिमूटभर साखर लावून खायची. रेनाटाने त्यावर मुरंबा थापला, वर साखर ओतली आणि मनगटाएवढी गुंडाळी केली.

"मिलवॉकीला ओंडके खातात वाटतं," बोरघिल्ड म्हणाली.

"तुमच्याकडे कागद खातात. वर काही घातल्याशिवाय उतरत नाही," रेनाटा म्हणाली, आणि खात राहिली.

दुपारी बारा वाजता तिने स्की बांधले. मी म्हटलं, जाऊ नकोस. ती म्हणाली की फक्त ओढ्यावरच्या पुलापर्यंत जाते, तासाभरात येते, एवढ्या लांबून आले ती काय खोलीत बसायला. एक गोष्ट मी दोनदा सांगत नाही. आयुष्यभर मला त्याचा अभिमान होता. ती गेली.

दोन वाजले. मग तीन.

अशा थंडीत घर बोलायला लागतं. भिंतीतले खिळे आकसतात आणि बंदुकीसारखा आवाज करतात. लांब रानात एखादं झाड मधोमध चिरतं, त्याचा आवाज फिरत फिरत येतो आणि कुठून आला ते कळत नाही. खिडक्यांवर आम्ही आतून गोधड्या ठोकल्या होत्या, त्यामुळे आत दिवसाही दिवा लागायचा. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून टेबलाच्या वर रॉकेलचा दिवा टांगलेला होता. घरात जळक्या पिठाचा, रॉकेलचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. बोरघिल्ड तव्यावर लेफ्सा भाजत होती. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. रास वाढत होती.

चार वाजता मी गोठ्यापर्यंत गेलो. ऊन गेलं होतं, अंधार अजून यायचा होता. त्या वेळी आमच्याकडचा बर्फ निळा होतो. आभाळही तसंच होतं, त्यामुळे डोंगर कुठे संपतो ते कळत नव्हतं. आपण जमिनीवर उभे आहोत की कशाच्या तरी तळाशी, असं वाटावं. मी हाक मारली. हाक थोडी पुढे गेली आणि कापसात दगड पडावा तशी बुडाली. परत आली नाही.

मी घरात येऊन सवयीने अडसर घातला आणि गावात फोन केला. बर्फावरच्या मोटारी काढतो म्हणाले. पण तेल गोठलंय, तापवायला हवं, तासभर लागेल, जास्तही लागेल. मी कोट घालायला लागलो. तेव्हा मी एकोणसत्तरचा होतो आणि दोन्ही गुडघे कामातून गेले होते. ओढ्यापाशी वाटेला तीन फाटे फुटतात.

"कुठल्या फाट्याने जाणार?" बोरघिल्डने विचारलं.

मी कोटाची बटणं लावत राहिलो.

"मग बस. मला दोन-दोन खड्डे खणायचे नाहीत. जमीन दगड झालीय."

मी बसलो.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या, नॉर्वेहून आलेल्या लोकांत कोणी दार ठोठावत नाही. येणारा माणूस स्की भिंतीला टेकवतो, पायरीवर बूट आपटून बर्फ झाडतो, तेच ठोठावणं. आणि प्रत्येक माणसाची आगाऊ पावलं असतात. माणूस अजून मैलभर लांब असतो आणि इकडे घरात त्याचे स्की भिंतीला टेकल्याचा आवाज येतो, बूट आपटल्याचा येतो, कधी कडी हलते. दार उघडलं तर कोणी नसतं. मग पाव तासाने अगदी तेच आवाज परत येतात, आणि तेव्हा तो माणूस खरा असतो. यात भिण्यासारखं काही नाही. बायका आगाऊ पावलं ऐकून कॉफी चुलीवर ठेवतात, म्हणजे माणूस येईपर्यंत ती होते. माझी आजी नॉर्वेहून पेटीत दोन चादरी, एक बायबल आणि ही समजूत घेऊन आली होती. फक्त एक नियम आहे. आगाऊ पावलांना दार उघडायचं नाही. उघडलं तर खरा माणूस वाटेतच राहतो.

पावणेपाचला बाहेर स्की भिंतीला टेकले.

बोरघिल्डचा हात तव्यावर तसाच थांबला.

मग पायरीवर बूट आपटले. डावा दोनदा, उजवा एकदा. मग काहीच नाही. मग कडीवर हात फिरल्यासारखा आवाज, बोटांत जोर नसावा तसा.

"तिची आगाऊ पावलं," मी म्हणालो. "येईल आता."

बोरघिल्डने तवा उतरवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "रेनाटा उजव्या पायाने झाडते. एकदाच."

मला ते माहीत होतं. डावा दोनदा, उजवा एकदा असं झाडणारा एकच माणूस या डोंगरावर होऊन गेला. त्याचं नाव अन्फिन मोएन.

अन्फिन पलीकडच्या डोंगरावर राहायचा, चार मैलांवर. दर शनिवारी संध्याकाळी स्की बांधून यायचा, बोरघिल्डसाठी. टोपी उंबऱ्यावरच काढायचा, टेबलाच्या भिंतीकडच्या खुर्चीत बसायचा, साखरेचा खडा दातात धरून त्यातून कॉफी प्यायचा आणि फार बोलायचा नाही. त्याच्यासाठी निळ्या काठाचा एक कप होता. आमच्याकडे पाहुण्याचं पिऊन झालं की तो कप बशीत पालथा घालतो. जोवर कप उताणा आहे, तोवर घरच्यांनी ओतत राहायचं. कप पालथा झाला की घरच्यांचं देणं फिटलं.

१९५१ सालची गोष्ट. तेव्हाही फेब्रुवारीची तीन तारीख होती आणि तेव्हाही शनिवार होता. भिंतीवरच्या कॅलेंडरात तीच तारीख, तोच वार मी आज सकाळीच पाहिला होता. बोरघिल्डनेही पाहिलं असणार. आम्ही बोललो नव्हतो.

१९५१च्या त्या दिवशी वारा होता, आणि वाऱ्याने दार उघडत होतं म्हणून मी आतून अडसर घातला होता. आई तापाने माडीवर पडून होती. खाली आम्ही दोघं. दिवेलागणीला स्की टेकले, बूट आपटले, कडीवर हात फिरला. बोरघिल्ड उठली. मी म्हटलं, बस खाली, आगाऊ पावलं आहेत, उघडलंस तर येणार नाही तो.

ती म्हणाली, "आत्ता कडी हलली, तोलेफ."

मी म्हटलं, "कॉफी ठेव. पाव तासाने येईल."

तिने कॉफी ठेवली. कप भरून ठेवला. तो पाव तासाने आला नाही, तासानेही आला नाही. आम्ही म्हटलं, वाऱ्यामुळे परत फिरला असेल, पावलं तेवढी पुढे आली. सकाळी मी अडसर काढला. आमचं दार आत उघडतं. ते उघडलं आणि अन्फिन पाठीवर घरात पडला. तो रात्रभर दाराला टेकून बसला होता. दारावर त्याचे हात कडीपर्यंत पोचल्याच्या खुणा होत्या. टेबलावर कपात कॉफीवर बर्फाची साय आली होती.

गावाला आम्ही सांगितलं की आईला आगाऊ पावलं वाटली, आई नको म्हणाली. कोणी दोष दिला नाही. त्या पिढीतल्या कोणत्याही घरात असं झालं असतं. आईने ते कधी नाकारलं नाही. मरेपर्यंत तिने ते स्वतःवर घेतलं.

आता आई नाही आणि बोरघिल्डही गेल्या ऑक्टोबरात गेली, म्हणून उरलेलं सांगतो. अन्फिन मेला त्याच्या आधीच्या रविवारी गावच्या स्की-उडीच्या टेकडीवर त्याने माझ्यापेक्षा आठ फूट लांब उडी मारली होती. पाच वर्षं पहिला नंबर माझा होता. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो माझ्यापाशी येऊन हात पुढे करून उभा राहिला आणि मी हातमोजा काढला नाही. शनिवारी पावलं वाजली तेव्हा ती आगाऊ आहेत असं मला खरंच वाटलं होतं, की त्याला थोडा वेळ बाहेर उभं राहू दे असं वाटलं होतं... पंचेचाळीस वर्षं मी दोन्ही उत्तरं देऊन बघितली. एकही बसत नाही.

बोरघिल्डने मला यावर एक शब्द विचारला नव्हता. एकाच घरात, एकाच टेबलावर, पंचेचाळीस वर्षं.

आता तिने पिठाचे हात ॲप्रनला पुसले. दाराबाहेर काही हलत नव्हतं. दिव्याची वात तेवढी सुरसुरत होती.

"तेव्हा तू मला बस म्हणालास," ती म्हणाली. आवाज हळू होता. "आज काय म्हणतोस?"

मला नियम माहीत होता. ही रेनाटाची आगाऊ पावलं असतील आणि मी दार उघडलं, तर ती वाटेतच राहील. आणि ती रेनाटाच असेल आणि मी उघडलं नाही, तर सकाळी दार उघडताना काय होतं ते मी एकदा पाहिलं होतं. आणि दोन्ही नसेल, तर... ते मी मनात पुरं केलं नाही.

मी उठलो आणि अडसर काढला.

बाहेर कोणी नव्हतं. पायरीवरचा बर्फ तसाच गुळगुळीत, सकाळी मी झाडला होता त्यावर वाऱ्याने साखरेसारखा पसरलेला. भिंतीला स्की नव्हते. निळसर अंधार सगळीकडे सारखा होता आणि त्याला काही वास नव्हता. थंडी धुकं होऊन उंबऱ्यावरून आत आली, जमिनीलगत पसरली आणि टेबलाच्या पायांभोवती फिरली. दिव्याचा उजेड माझ्या बाजूने बाहेर गेला आणि उतारावर लांबवर पिवळा पट्टा पडला. कितीतरी दिवसांनी या घराचा उजेड बाहेर पडला होता.

मी चौकटीला धरून उभा राहिलो.

"ये आत, अन्फिन," मी म्हणालो. "कॉफी तयार आहे."

मागे बोरघिल्डने स्टूल ओढलं. वरच्या फळीवरून तिने निळ्या काठाचा कप काढला, फुंकर मारली, पुसला, बशीत ठेवला. साखरेचा खडा बशीत ठेवला. कॉफी ओतली. त्या सगळ्याचे आवाज मी पाठमोरा ऐकले.

दार मी लावलं नाही. का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. बोलावल्यावर दार लावत नाहीत, एवढंच. मी शेगडीजवळ जाऊन बसलो आणि लाकडं घालत राहिलो. बोरघिल्ड टेबलाशी उभी होती. घर उघडं होतं आणि थंडी आत-बाहेर करत होती, श्वासासारखी. आम्ही दोघंही भिंतीकडच्या खुर्चीकडे बघत नव्हतो. दिव्याची ज्योत एकदा वाकली, मग सरळ झाली. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. झोपेत चालावं तसा तो वेळ होता. एकदा मला वाटलं, ओल्या लोकरीचा वास वाढलाय. एकदा वाटलं, मी चोवीस वर्षांचा आहे आणि आई वर खोकतेय.

मग कोणीतरी दार ठोठावलं.

उघड्या दाराच्या चौकटीवर, दोनदा, बोटाच्या पेरांनी. आमच्याकडे असं कोणी करत नाही. शहरातला जिवंत माणूसच असं करतो.

रेनाटा एका स्कीवर होती. दुसरा तिने हातात काठीसारखा धरला होता, त्याचा बुटाचा पट्टा तुटलेला. तिच्या गालांवर मेणासारखे पांढरे डाग होते. बोरघिल्डने तिला आत ओढलं, मी बूट कापून काढले. बोरघिल्ड तिची बोटं स्वतःच्या काखेत धरून बसली आणि तिला शिव्या देत राहिली, नॉर्वेजियनमध्ये, म्हणजे तिला कळू नयेत. रेनाटाच्या तोंडून शब्द यायला पाव तास लागला.

पट्टा तुटल्यावर ती फाट्यावर चुकली होती. कितीतरी तास उलट दिशेला चालत होती, खाली दरीकडे. थंडी वाजायची थांबली होती आणि छान झोप येत होती, म्हणाली. बसणारच होती. मग मागे वळून बघितलं तर वर उजेड.

"दार उघडं ठेवलंत म्हणून..." ती म्हणाली. "खिडक्यांतून काही दिसलं नसतं."

बोरघिल्डने तिच्या अंगावर गोधडी ओढली.

"पण मधूनमधून उजेड अडायचा. तो माणूस दारात उभा होता ना, त्यामुळे. मी जवळ आले तेव्हा तो आत गेला. टोपी काढून, माझ्या दोन पावलं आधी." तिने खोलीत नजर फिरवली. "कुठे गेला?"

मी शेगडीपाशी होतो. माझी टोपी खुंटीवर होती.

"थकलीस तू, पोरी," बोरघिल्ड म्हणाली. "बोलू नकोस."

तेवढ्यात खालून मोटारींचा आवाज आला. गावातली तिघं पोरं होती. त्यांनी तिला कांबळ्यात गुंडाळलं आणि शेजारच्या गावी दवाखान्यात नेलं. तिची दहाही बोटं राहिली. पुढच्या हिवाळ्यात ती परत आली आणि लेफ्सावर परत मुरंबा थापला.

मोटारींचा आवाज उतारावरून विरून गेला. मग काहीच आवाज राहिला नाही, खिळ्यांचाही नाही. मी दार लावलं. अडसर घालताना मनात आलं की आत आपण किती जण आहोत ते आधी बघावं. मी बघितलं नाही.

"तो गेल्याचं मला ऐकू आलं नाही," बोरघिल्ड माझ्या पाठीमागून म्हणाली.

मलाही आलं नव्हतं.

मी वळलो. ती भिंतीकडच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. बशीत साखरेचा खडा नव्हता.

निळ्या काठाचा कप पालथा होता.